फाटकाच्या साखळीवरचे घाव

मी एक जुनी साखळी आहे. मित्रांनो, मला मजबूत मात्र म्हणू नका. तो शब्द आता ऐकवत नाही मला.

लोहाराच्या भट्टीत लाल होऊन मी घडले आणि हातमोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर आले. "हिला हत्तीही तोडणार नाही," असं मालक म्हणायचे आणि मी मेली फुशारून जायची.

मग तो संप झाला. कामगार आवारात बसून होते. पोलिसांच्या साहेबानं हुकूम सोडला आणि रखवालदारानं मला बाहेरून गजांना गुंडाळून कुलूप घातलं. लगेच गच्चीवरून पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. माणसं फाटकावर येऊन आदळली. कुणाचा जबडा उडाला, कुणी आपलीच आतडी हातांनी आत दाबत होता. कारखान्याच्या फिटरनं गजांतून हात बाहेर काढला आणि लोखंडी पान्यानं माझ्यावर घाव घातले. बाहेरून त्याची बायको मला ओरबाडत होती.

"दादा, किल्ली द्या हो! पाया पडते तुमच्या!"

"ताई, माझी नोकरी जाईल," रखवालदार म्हणाला.

आठ घाव बसले. मग फिटरच्या पाठीत गोळी शिरली आणि पाना गळून पडला. तुटायला हवं होतं मी. आजही लाज वाटते.

सरकारी अहवालात लिहिलं, फाटक उघडंच होतं, लोक घाबरून पळाले आणि चेंगरून मेले. पोलिसांनी मला काढून नेलं आणि सदतीस वर्षं मी त्यांच्या सामानाच्या कोठीत गंजत पडले. अशा दडपलेल्या मरणांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंनी मला हुडकलं आणि फिटरच्या बायकोला घेऊन आल्या. म्हातारी एकेका घावावरून बोट फिरवत म्हणाली, "हा त्यांचा. हाही त्यांचाच."

सरकार आता जाहीर माफी मागणार होतं. फाटक बंद होतं, एवढं त्यात म्हणा, हेच म्हातारीचं मागणं; पुरावा म्हणजे माझ्यावरचे घाव. मंत्र्यांचे सचिव म्हणाले, "घावांच्या नुसत्या फोटोंवर भागणार नाही. समारंभाला साखळीच आणा. बघतो आणि घालतो वाक्य."

आणि कोठीवरच्या हवालदारानं, मेल्यानं, चांगुलपणा केला! मंत्री येणार म्हणून मला मशीनवर घासून चकाचक केलं. आठही घाव गेले.

"हिच्यावर तर काहीच नाही," सचिव म्हणाले. मंत्र्यांनी वाचायला घेतलं, "चेंगराचेंगरीत मृत्यू पावलेल्या..."

म्हातारी उठली. तिनं मला उचललं आणि त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर हाणलं. काच फुटली, तिचं मनगट फाटलं. "बंद होतं! बंद होतं!" पोलिसांनी धरेपर्यंत ती हाणत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून जपा, असं सगळे सांगतात. माझं उलटं आहे. माझ्या कड्यांत तिचं रक्त आहे आणि तो हवालदार फडकं घेऊन निघालाय. अडवा रे त्याला कुणीतरी!