करंजाची सावली

नावडे गावातल्या इतर घरमालकांप्रमाणेच कमळाकरलाही अंगणात पेवर ब्लॉक टाकायचे होते. पण बायको, पुतळा, हटून बसली. भाड्यानं द्यायच्या खोलीच्या पश्चिमेला तिनं करंज, शेवगा नि जास्वंद लावली. "पार्किंगची जागा घालवली," म्हणून तो सहा वर्षं कुरकुरला.

यंदाच्या मे महिन्यात आळीतल्या खोल्या भट्टीसारख्या तापल्या, भाडेकरू पळाले. झाडांच्या सावलीतली कमळाकरची खोली मात्र एका दिवसात भाड्यानं गेली. नव्या भाडेकरूला तो ऐटीत सांगत होता, "एसीची गरजच नाय, लाइट बिल निम्मं येतं. झाडांची आयडिया आपलीच हाय!"

पुतळानं ते आतून ऐकलं. बाहेर येऊन तिनं हसत पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला.

"मंग आजपासून पानी पन तुमीच घाला."