सहलीस न येणारे

"बाई, चौथं नाव चुकलं वाटते," रितेश स्क्रीनकडे बघत म्हणाला. "इथं ज्योत्स्ना लिहेल आहे."

शनवारा पेठेतल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मालतीबाई स्टुलावर बसल्या होत्या. गौरवने इंदूरहून जपानच्या सहलीची फाइल पाठवली होती. 'आई, गाड्यांच्या वेळा एकदा तपासून दे,' एवढाच निरोप. मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं म्हणून त्या छापून घ्यायला आल्या होत्या.

"वाच बरं सगळी."

"गौरव, दीपाली, भूमिका, ज्योत्स्ना. बस."

मुलगा, सून, नात आणि विहीणबाई. पाचवं नाव नव्हतं.

गावातल्याच लालबाग भागातल्या मराठी शाळेत मालतीबाईंनी बत्तीस वर्षं काढली. हेडमास्तर बदलले, सहल मात्र कायम त्यांच्याकडे. त्यांचा नियम एकच. सगळ्यात हळू चालणाऱ्या पोराच्या पायाने सहल आखायची. त्याला पायऱ्या किती, सावली कुठे, त्याने खायचं काय, हे कागदावर आधी लिहायचं. अशीरगड चढताना शाळकरी रितेशला धाप लागायची, तर बाईंनी त्याला सगळ्यात पुढे ठेवलं होतं. कागदाच्या शेवटी एक ओळ असायची, 'सहलीस न येणारे', आणि प्रत्येक नावापुढे कारण. ताप, मामाचं लग्न, कापूस वेचणी. कारणाची जागा त्यांनी कधी रिकामी सोडली नाही.

गणपतीत गौरव म्हणाला होता, "आई, आपण सब मिलके जपानला जाऊ. प्लॅन तू बनव. तुझ्यासारखं कोणाला जमतं?" आता एवढ्या लोण्याने कुठली आई पाघळणार नाही? बाई पाघळल्या. सहा महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. टोकियो, कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका. कुठल्या बागेत फुलं कधी, कुठला बाजार कोणत्या वारी बंद, शेवयांच्या सूपमध्ये मासे कसे लपलेले असतात, क्योटोच्या देवळात साधूंचं शाकाहारी जेवण कुठे मिळतं. या सहलीत सगळ्यात हळू चालणार त्या स्वतः, म्हणून प्रत्येक पानावर 'आजीसाठी' असा एक रकाना. पासपोर्ट काढला. बूट घेतले आणि रोज लालबाग ते शनवारा पायी चालायला लागल्या. केळ्याच्या चिप्स दोन काड्यांनी उचलायला शिकल्या. गल्लीतल्या बायकांनी तर परवाच ओटी भरून नारळ दिला होता.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"गौरव, यादीत माझं नाव नाही."

"आई... सांगणारच होतो मी."

"कधी? विमानात बसल्यावर?"

"तसं नाही गं. तूच बघ ना, तूच लिहिलंय. इथे दोनशे पायऱ्या, आजीला जड. इथे सूपात मासे, आजीला चालणार नाही. हर पेजपे तेच. दीपाली म्हणाली, मम्मीजींना परेशानीच होईल. और फिर तिची आई रिकामीच होती, तर..."

"अरे, प्रत्येक अडचणीच्या खाली तोड लिहिली आहे. लिफ्ट कुठे, जेवण कुठे. वाचलंस का ते?"

"आई, समज ना. तुझे घुटने..."

"माझे घुटने तू शेवटचे कधी पाहिले?"

त्यांनी फोन ठेवला. यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर ते स्वतःचंच अक्षर. हळू चालणारं पोर मागे राहू नये म्हणून त्यांनी जे लिहिलं, तेच वाचून पोराने आईला मागे ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. पण इथे वैद्याच्याच चिठ्ठीने वैद्याला मारलं होतं. डोळे भरून आले. शिष्यासमोर रडायचं नाही म्हणून त्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसल्या.

"बाई, चहा मागवू?" रितेशने हळूच विचारलं.

"नको. छाप."

पानं हातात घेऊन त्यांनी लाल पेन काढला. 'आजीसाठी' हा रकाना गौरवने अख्खाच उडवला होता. त्याबरोबर कानाझावा ते क्योटोची सूचनाही गेली होती.

"इथं लिही. त्सुरुगाला गाडी बदलायची आहे. मधे वेळ फार थोडा. भूमिकाचा हात धरून ठेवा."

रितेश कीबोर्डवरचे हात काढून त्यांच्याकडे बघायला लागला. "बाई, तुम्ही काहून सांगून ऱ्हायल्या त्यांना? चुकू द्या ना गाडी!"

"लहान पोर आहे रे सोबत."

त्याने मुकाट्याने टाइप केलं. बाईंनी उरलेल्या वेळाही तपासल्या. दोन चुका सापडल्या, त्या सुधारल्या.

"आता शेवटी एक ओळ घाल. आपल्या कागदावर असायची ती."

रितेशच्या लगेच ध्यानात आलं. "सहलीस न येणारे?"

"हो. मालती. आणि पुढे कारण."

"काय टाकू कारण?"

"काही नको टाकू. ते गौरव भरेल. दे पाठवून."

'कारण' या शब्दापुढे जागा मोकळी सोडून रितेशने फाइल पाठवली. थोड्या वेळाने बाईंच्या मोबाइलवर दोन निळ्या खुणा दिसल्या. बाईंनी मोबाइल पिशवीत टाकला.

"बाई, गाडीवर सोडून देऊ का घरी?"

मालतीबाईंनी वाकून बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, आणि त्या लालबागकडे पायीच निघाल्या.