रंगाखाली अडकलेली मान

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जिथे बोटी लागतात त्या धक्क्यावर, एका लोखंडी खांबावर मी उभी असते. समोरच्या समुद्रात चार बेटं आहेत. सुट्टीत आलेली माणसं माझ्यातून ती न्याहाळतात आणि मग कुठल्या बेटावर जायचं ते ठरवतात. निदान माझं काम तरी तेच होतं.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या काचा अशा घासल्या होत्या, की लांबच्या बेटावरची शेळी कान हलवताना दिसायची. मान तर एका बोटाने ढकलली तरी गरकन फिरायची. "वा, काय नजर आहे!" असं कोणी म्हटलं की मी फुलून जात असे.

पण समुद्राची हवा खारी. माझ्या मानेला वरचेवर तेल हवं असे. धक्क्यावरच्या साहेबांना मात्र रंगाचा भारी सोस! दरवर्षी ते मला निळा रंग फासून घेत, तोही सांध्यावरून, जाडच्या जाड. "बघा, कशी नवी कोरी दिसते!" असं म्हणून मोकळे होत. तेलाचा थेंबही कोणी घातला नाही. एके वर्षी रंग वाळला आणि माझी मान अडकली ती अडकलीच. नेमकी मोठ्या बेटाकडे तोंड करून!

मग काय, जो येईल त्याला माझ्यातून मोठं बेटच दिसे. रंगीत छत्र्या, घसरगुंड्या, चकचकीत खोल्या. "ठरलं, इथेच जाऊ या," म्हणत लोक निघून जात. टोकाचं बेट नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढं. त्याच्याकडे बघणार कोण? मला सगळं कळत होतं, पण मान वळेना. नुसता संताप व्हायचा माझा!

टोकाच्या बेटावर एकच बोट जायची. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांची हाक रोज माझ्या कानावर येई, "चला, टोकाचं बेट! गार सावली, स्वच्छ पाणी!" एका सकाळी साहेबांनी त्यांना सांगून टाकलं, "मावशी, तुमची बोट रिकामी येते नि रिकामी जाते. आजही कोणी बसलं नाही, तर उद्यापासून तुमची जागा मोठ्या बेटाच्या बोटीला."

तेवढ्यात एक कुटुंब आलं. आई, बाबा, दोन मुलं आणि मुलांची आत्या. घसरगुंडी दिसताच मुलं नाचायला लागली. आत्याने मात्र मला ढकलून पाहिलं. "अरे, ही वळतच नाही! बाकीची बेटं बघितल्याशिवाय ठरवायचं कसं?"

"ताई, उगीच फाटे फोडू नकोस," बाबा म्हणाले.

"म्हणजे माझं बेट आजवर कुणाला दिसलंच नाही होय!" मावशी ओरडल्याच. धावत बोटीत गेल्या, तेलाचा डबा आणि सुरी घेऊन आल्या आणि माझ्या मानेवरचा रंग खरवडू लागल्या.

"मावशी, मोडेल ती!" साहेब ओरडले.

"अशीही मोडल्यातच जमा आहे. हिला वळवल्याशिवाय मी इथून हलत नाही!"

रंगाचे पोपडे उडाले. तेल आत झिरपलं. अहाहा, किती वर्षांनी! मावशींनी दोन्ही हातांनी जोर लावला, पण मी तसूभर हलले नाही. मग आत्याही बाह्या सरसावून पुढे आली. मीही मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. कर्रर्र! आत काहीतरी तुटलं आणि मी वळले, थेट टोकाच्या बेटाकडे.

आत्याने डोळा लावला. "अगं बाई! एक आजोबा झाडाखाली खुर्च्या मांडतायत. फडक्याने पुसतायतसुद्धा. पण बसायला तर कोणीच नाही!"

"माझे सासरे ते." मावशी तेलाचे हात पुसत म्हणाल्या. "रोज मांडतात आणि संध्याकाळी उचलून ठेवतात. मी म्हणते, राहू द्या. तर म्हणतात, आज येतील."

बाबांनी पाहिलं. मुलांनी पाहिलं. धाकटी म्हणाली, "आपण नाही गेलो, तर आजही त्यांना सगळ्या खुर्च्या उचलाव्या लागतील?"

बाबांनी पिशव्या उचलल्या. "चला मावशी, काढा तुमची बोट."

साहेबांनी मला हाताने तिकडेच धरलं होतं, मी डोळे भरून बघत राहिले. बोट किनाऱ्याला लागली तेव्हा आजोबा हातातलं फडकं खांद्यावर टाकून पुढे आले. मग त्यांनी माणसं मोजली, लगबगीने घरात गेले आणि आणखी एक खुर्ची घेऊन आले. त्या संध्याकाळी साहेबांनी मावशींच्या जागेचा विषयसुद्धा काढला नाही.

मित्रांनो, आत तुटली ती मला एका जागी थांबवणारी कळ होती. आता मी आपोआप कुठल्याच बेटावर थांबत नाही, मला हाताने धरावं लागतं. साहेबांना ते खटकतं, मला नाही. मला रंग द्याल तर सांधा सोडून द्या. तेल मात्र विसरू नका, कारण वरून चकचकीत दिसणारी वस्तू आतून जाम झालेली असू शकते. आणि धक्क्यावर आलात की मला आधी पूर्ण फिरवा, चारही बेटं बघा आणि मगच ठरवा. मी वळणार! मला पुन्हा एकाच दिशेला अडकवून दाखवाच कोणी!