रंग न धरणारं पाणी

काचेच्या नळीत गोळी विरघळली, पण पाणी काही गुलाबी होईना. जलशुद्धीकरण केंद्रातल्या नव्या केमिस्टने नळी पुन्हा हलवून पाहिली. गुलाबी झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही झालं तर जंतू मोकाट. आणि थोड्याच वेळात हीच टाकी शहराला सुटणार होती. शहरात तिची ताई होती, ताईचं तान्हं बाळ होतं.

ती पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी बोलता बोलता फोनवर तळहात ठेवला.

"साहेब, मघाशी डोस वाढवला, तरी क्लोरीन दिसत नाहीये. अजून किती वाढवू?"

"शिकलेली आहेस ना? बघ तुझ्या हिशेबाने."

"एकदा तुम्ही येऊन पाहिलं असतं तर..."

"अगं, दर वेळी बोट धरून चालवायचं का तुला?" तळहात फोनवरून निघाला.

तिने डोस वाढवला. नवी नळी भरली, गोळी टाकली. गोळीभोवती क्षणभर गुलाबी धूर उठला आणि विरून गेला. पाणी नितळ.

ती थबकली. क्लोरीन नव्हतंच, तर रंग आला कुठून? आणि आला तर गेला कुठे?

मग तिच्या लक्षात आलं. क्लोरीन फारच जास्त असेल, तर ते रंगालाही खाऊन टाकतं. तिने नमुन्याचे चार थेंब शुद्ध पाण्यात मिसळून गोळी टाकली. नळी लालभडक झाली. क्लोरीन सकाळपासून जास्तच होतं, आणि ती त्यात भर घालत बसली होती. दिवसभर त्याच खोलीत राहून नाकाला वाससुद्धा कळेनासा झाला होता.

नळी हातात घेऊन ती धावत सुटली. व्हॉल्व्हवाल्या काकांचे हात चाकावर होते.

"काका, सोडू नका पाणी."

"साहेब म्हणाले?"

"नाही. मी म्हणतेय. क्लोरीन भयंकर झालंय. वास येत नाही तुम्हाला?"

"सर्दीने नाक चोंदलंय, पोरी. चहा आणि काढा एकच लागतोय. पण पाणी लांबलं की अख्खं गाव माझ्या नावाने खडे फोडतं."

"माझं नाव सांगा."

काकांनी तिच्या हातातल्या लालभडक नळीकडे पाहिलं आणि चाकावरचे हात काढले.

साहेब तरातरा आले. "कुणाला विचारून थांबवलंस?"

"तुम्हालाच विचारत होते सकाळपासून." तिने नळी पुढे केली.

आता ओरडतील, नोकरीवरून काढतील, निदान पुढे काय करायचं ते तरी सांगतील, असं तिला वाटलं. साहेबांनी नळी उजेडात धरली. उलटसुलट फिरवून पाहिली. मग काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "रंग आलाय की. म्हणजे चांगलंच ना?"

त्या लाल रंगाचा अर्थ साहेबांना ठाऊकच नव्हता. ती काकांच्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं.