जाऊन-येऊन

"नुसतं जायचं, की जाऊन-येऊन?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. आलसिदेस टेचेरा त्यावर इतका वेळ गप्प राहिला, की रांगेतल्या मागच्या बाईने आपला थर्मास या बगलेतून त्या बगलेत घेतला.

"नुसतं जायचं कितीला पडेल?"

"पूर्ण भाडं. मतदाराची सवलत फक्त जाऊन-येऊन तिकिटावर आहे, काका."

"आणि येतानाचं वापरलंच नाही तर?"

"तर बसवाल्यांचं भलं होईल." मुलगी हसली. "का हो, तिकडेच राहायचा विचार आहे?"

मागच्या बाईला राहवलं नाही. "अहो, तिकडे राहायचं का इकडे, ते बसमध्ये बसून ठरवा. आम्हालाही आमची सरकारं निवडायचीत."

आलसिदेसने जाऊन-येऊन घेतलं. मन काहीही म्हणत असलं तरी सवलत सोडणाऱ्यांतला तो नव्हता. बसही त्याने रात्रीची निवडली होती. बसमध्ये झोप झाली की मेलोला, म्हणजे बस जिथवर जाते त्या गावी, लॉजचा खर्च वाचतो, आणि झोप झाली नाही तरी तो वाचतोच.

राजधानी मोन्तेविदेओत त्याची हयात गेली ती एका नऊ मजली इमारतीच्या दाराशी. दार उघडायचं, कचरा बाहेर न्यायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या विधवेला पाचव्यावरच्या विधुराची खबर द्यायची आणि पाचव्याला तिसऱ्याची. राहायला तळमजल्यावर एक खोली. ती नोकरीबरोबर आली होती, म्हणजे नोकरीबरोबरच जाणार होती, आणि नोकरी डिसेंबरात संपत होती. रहिवाशांनी त्याच्यासाठी छोटासा निरोप समारंभ ठरवला होता. तो राहणार कुठे, हा प्रश्न मात्र समितीच्या कुठल्याही बैठकीत निघाला नव्हता. आलसिदेसनेही काढला नव्हता. त्याचं उत्तर त्याने मनाशी योजून ठेवलं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या हातात होतं.

गावाकडून राजधानीत आलेली माणसं वर्ष-दोन वर्षांत मतदार यादीतलं नाव इकडे आणतात. शहाणपणाचं तेच असतं. मत चुकवलं तर दंड बसतो, आणि नाव गावात ठेवलं तर दर निवडणुकीला अर्धा देश ओलांडावा लागतो. आलसिदेसने नाव आणलं नाही. त्याचं मत त्याच्या गावी, पासो सेकोच्या शाळेत होतं आणि दर खेपेला तो ते तिथेच जाऊन टाकत असे. येण्याजाण्याच्या खर्चापेक्षा दंड स्वस्त पडला असता. एवढा हिशेब त्याच्यासारख्या माणसाला कळत नव्हता असं नाही. निल्सा तिथे होती.

दोघं अठरा वर्षांची असताना मतदार कार्डं काढणारा साहेब गावात आला होता. शाळेत टेबल मांडलं, रांग लागली. रांगेत पुढे आलसिदेस, मागे निल्सा, त्यामुळे दोघांचे नंबर पाठोपाठचे पडले. याउपर त्या दोघांत पाठोपाठ काही झालं नाही. तो राजधानीत गेला, तिने एरिबेर्तो नावाच्या ट्रॅक्टरवाल्याशी लग्न केलं, एक मुलगी झाली, आणि एका हिवाळ्यात एरिबेर्तो गेला. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी निल्सा आलसिदेस येईपर्यंत मत टाकत नसे. शाळेच्या अंगणात बाकावर बसून राहायची. तो आला की माते, तो तिकडचा पाल्याचा चहा, भरायची. एकाच वाळक्या भोपळ्यातून, एकाच नळीने, दोघं आळीपाळीने तो कडू रस ओढायचे, आणि थर्मास रिता झाला की पाठोपाठ मत टाकून आपापल्या दिशेला जायचे. एवढंच. पाच वर्षांच्या चक्रात अशा भेटी फार तर तीन व्हायच्या.

तिच्या घराच्या मागे एरिबेर्तोची अवजारांची खोली होती. आलसिदेसला विचारायचं होतं ते एवढंच, की ती खोली भाड्याने देशील का? भाड्याचा शब्द त्याने स्वतःच्या सोयीसाठी घातला होता. निल्साने तो काढून टाकला असता तर त्याची हरकत नव्हती.

खरं म्हणजे गेल्या खेपेलाच विचारायचा बेत होता. पण माणूस सरळ बोलायला भ्याला की आडून बोलतो. मातेचा भोपळा तिच्या हातात परत देत तो म्हणाला होता, "आता हे शेवटचंच बरं का, निल्सा. गुडघे बोलायला लागलेत. पुढच्या वेळेच्या आत नाव राजधानीत हलवतो."

यावर तिने 'काही नको हलवायला' म्हणावं, निदान रागाने बघावं, अशी त्याची अपेक्षा होती. त्यासाठीच ते वाक्य त्याने बसमध्ये चार-पाच वेळा घोळून आणलं होतं.

निल्सा भोपळ्यात पाणी ओतत म्हणाली, "बरं करशील. कशाला एवढी दगदग."

तो फुगून परत गेला होता. नाव अर्थातच हलवलं नाही.

*

मेलोला उतरला तेव्हा बेकरी नुकती उघडत होती. त्याने चार गरम बिस्कोचो घेतले, दोन खाल्ले, दोन ठेवले. रविवारी पासो सेकोला बस जात नाही, त्यामुळे गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहून अंगठा दाखवून गाडी मिळवायची. मतदानाच्या दिवशी याला फारसा वेळ लागत नाही. देशातला प्रत्येक जण कुणाला तरी कुठून तरी कुठेतरी नेत असतो.

एक जुनी पिकअप थांबली. चालवणारा विल्मार पिंतोस हा पासो सेकोच्या दुकानदाराचा थोरला. पांढऱ्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता, पण त्या दिवशी प्रचाराला बंदी, म्हणून झेंडा गुंडाळून सीटखाली ठेवलेला. दांडा तेवढा बाहेर डोकावत होता.

"या काका, बसा. पायाखाली बघा हां, देशाचं भवितव्य आहे."

"माझा पाय लागला तर बदलेल का ते?"

"तुमचा पाय कुठल्या रंगाचा त्यावर आहे." विल्मारने गिअर टाकला. "इतकी वर्षं नेतो तुम्हाला, एकदाही सांगितलं नाहीत."

"मी सांगितलं तर पुढच्या वेळी नेशील?"

"पांढरे असाल तर पुढे बसवून नेईन. लाल असाल तर मागे, मेंढ्यांच्या जागेवर."

"मग गुपितच बरं. पाठीत वारा लागतो."

विल्मार मोठ्याने हसला. आलसिदेस गेल्या कित्येक निवडणुकांत जाताना पांढऱ्यांच्या गाडीतून गेला होता आणि येताना लालांच्या. दोन्ही पक्षांचं पेट्रोल त्याने सारख्याच निष्पक्षपणे जाळलं होतं. बिस्कोचोची पिशवी मांडीवर होती. विल्मारने तिच्याकडे एकदा पाहिलं, आलसिदेसने पिशवी खिडकीच्या बाजूला सरकवली.

"कुणासाठी?"

"मलाच लागतील. दिवस मोठा आहे."

विल्मार काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात रस्त्यावर गुरं आली आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला. गुरं गेली तरी तो परत बोलला नाही.

*

शाळेच्या अंगणात नेहमीसारखी माणसं होती, म्हणजे थोडकी. बाकावर एक परकं कुत्रं झोपलेलं. आलसिदेसने त्याला उठवलं नाही, त्याच्या शेजारी बसला. निल्सा उशिरा येत असेल. बाईमाणूस, घरची कोंबडी-बिंबडी बघून निघायचं असतं. दुपार झाली, माणसं येत होती, मत टाकून जात होती. मतदान केंद्रावरची तरुण अध्यक्षबाई दारात येऊन दोनदा म्हणाली, "काका, आत रांग नाहीये, या की." दोन्ही वेळा तो म्हणाला, "येतो, येतो."

तळणीचा वास आला तेव्हा त्याने मान वळवली. मिर्ता, निल्साच्या भावाची बायको, भिंतीच्या आडोशाला चूल मांडून शाळेच्या मदतीसाठी पुऱ्या तळून विकत होती. तिने त्याला पाहिलं आणि तिचा झारा कढईवर तसाच थांबला.

"अरे! तू कसा काय आलास?"

"कसा म्हणजे? बसने. पुढे पिंतोसच्या गाडीने."

"नाही, पण... तुझं मत राजधानीत गेलं ना?"

"कोण म्हणालं?"

"तूच. निल्साला म्हणालास. शेवटचंच आता, नाव हलवतो."

मिर्ताने पुरी काढली. ती एका बाजूने काळी झाली होती.

"मुलगी तिला मिनासला बोलावतच होती किती वर्षं," मिर्ता म्हणाली. "ही आपली नाही म्हणायची. मतदान असतं, म्हणायची, नाव इथं आहे. आम्ही हसायचो. मतदानासाठी कुणी गावात राहतं का? मग यंदा मुदत संपायच्या आत एकदम गेली आणि नाव हलवून आली. मी म्हटलं, काय गं, अचानक? तर म्हणते, आता इथं मत टाकायला राहिलंय कोण?"

"घर?"

"ती मिनासला गेली तेव्हा विल्मारच्या धाकट्या भावाने घेतलं. मागची खोली पाडली त्याने. मेंढ्या बांधतो." मिर्ता त्याच्याकडे नीट बघू लागली. "आलसिदेस, तू हलवतो म्हणाला होतास की नाही?"

"म्हणालो होतो."

"मग?"

"म्हणालो होतो," तो पुन्हा म्हणाला.

मिर्ताने हात पुसले, एप्रनमधून फोन काढला आणि त्याने नको म्हणण्याच्या आत लावलासुद्धा. बायका असल्या वेळी विचार करत बसत नाहीत. पलीकडून आवाज आला तसा तिने "थांब गं, कोण आहे बघ" म्हणून फोन त्याच्या कानाला टेकवला.

फोनवर बोलणं त्या दोघांना कधी जमलं नव्हतं. पूर्वी एकदा केला होता, तेव्हा दोघं पावसावर बोलून थांबले होते.

"निल्सा. मी आलसिदेस."

"अगं बाई. मिर्ताच्या फोनवरून कसा?"

त्याने मिर्ताकडे पाहिलं. मिर्ता कढईत बघत होती.

"तिनेच मला फोन लावला आणि तुला जोडून दिलं," तो म्हणाला. "हल्ली तसं करता येतं म्हणे. मी इथंच आहे. राजधानीत."

"हां. मत टाकलंस?"

"टाकलं. सकाळीच. शाळा दोन पावलांवर आहे."

"बरं केलंस. मीपण टाकलं. इथं मोठी रांग होती, कुणी ओळखीचं नाही. पण नात आली होती बरोबर. तिच्याच खोलीत झोपते मी. वरचा पलंग तिचा, खालचा माझा. रात्री काय लाथा मारते."

"छान."

"छान कसलं. पण छानच म्हणायचं. गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत. दगदग नाही ना आता."

शाळेमागच्या पवनचक्कीने वारा धरला होता. तिचं पातं दर फेरीला एका ठिकाणी येऊन करकरतं, आणि मग पुढच्या फेरीपर्यंत गप्प राहतं. पासो सेकोत जन्मलेल्या कुणालाही तो आवाज झोपेत कळावा.

"मागे काय वाजतंय?" निल्साने विचारलं.

आलसिदेसने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या बाजूलाही पवनचक्कीची करकर तशीच होती.

"लिफ्ट," तो म्हणाला. "आमच्या इमारतीची. तेल घालायला झालंय."

पवनचक्की आणखी एकदा फिरली. मग आणखी एकदा. पलीकडून नातीचा आवाज आला, आजी कोण आहे, आणि निल्साने तिला काहीतरी सांगितलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

"घाल मग तेल," निल्सा म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "दुसरी फेरी झाली पुढच्या महिन्यात, तर तेव्हाही जाशील ना मत टाकायला? चुकवू नकोस हो."

"छे. दोन पावलांवर तर आहे."

त्याने फोन परत दिला. मिर्ताने तो घेतला आणि काळी नसलेली एक पुरी कागदात गुंडाळून पुढे केली. पैसे घेईना. आलसिदेसने शाळेच्या डब्यात तेवढे टाकले. मग पिशवीतले दोन बिस्कोचो त्याने कुत्र्यापुढे ठेवले. कुत्र्याने एक खाल्ला, दुसऱ्यावर पंजा ठेवला.

ऊन भिंतीवरून वर चढलं होतं. अध्यक्षबाई पुन्हा दारात आली. "काका, आता बंद करायची वेळ आली हं. अजून कुणाची वाट बघताय का?"

"नाही," आलसिदेस म्हणाला. "कुणाची नाही."

त्याने कार्ड दिलं. नाव मोठ्याने वाचलं गेलं, पाकीट हातात मिळालं, आणि वर्गाचं दार त्याच्यामागे ओढून घेतलं गेलं. आत बाकांवर निरनिराळ्या पक्षांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडलेले होते. फळ्यावर पालीचं चित्र, त्याखाली कुणा पोराने लिहिलेलं तिचं नाव. खिडक्यांना कागद लावलेले. या देशात माणसाला दार लावून घेऊन काय करतोस, कुणासाठी करतोस, हे कुणी विचारायचं नाही अशी एवढी एकच खोली, तीही कायद्याने दिलेली.

आलसिदेस पहिलीच्या छोट्या खुर्चीवर बसला. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. पाकीट मांडीवर होतं.

बाहेर पेटीजवळची माणसं आपसांत बोलत होती. कुणीतरी घड्याळ बघितलं असावं. मग अध्यक्षबाईने हलकेच दारावर टकटक केली.

"काका? सापडत नाहीये का काही?"

"सापडलं, सापडलं," तो आतून म्हणाला. "एक मिनिट द्या."

आणि बसूनच राहिला. तिनेही परत टकटक केली नाही.