टिकलीचा वाकडा पूल

अहो, टेबल हलवू नका! मी एक पूल बोलतोय. पुठ्ठ्याचा, दोन वीत लांबीचा, आणि सध्या जीव मुठीत धरून दुसरीच्या वर्गात उभा असलेला. बाईंची अट अशी की खेळण्यातली मोटार माझ्यावरून पार गेली पाहिजे, आणि मला कसं बनवलं ते बनवणाऱ्याने सांगितलं पाहिजे. माझा नंबर चौथा. तिसरा चाललाय. मला काही स्वस्थ उभं राहवत नाही.

माझा जन्म चपलांच्या खोक्यातून झाला. मला बनवणारी एवढीशी, म्हणून घरात तिला सगळे टिकली म्हणतात. बोथट कात्रीने तिने मला कापलं, खळीने चिकटवलं, लोकरीने बांधलं. मी डावीकडे कललेलो होतो, मान्य. पण माझ्या कडेला एक बाक होता! "पुलावर चालून दमलं तर बसायचं कुठे?" असं तिचं म्हणणं.

मग तिचे बाबा आले. बाबा सुतार. वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"हा पूल आहे की झोपाळा गं? आण इकडे, एक खांब जरा सरळ करतो."

कसलं जरा अन् कसलं काय! जेवणाची हाक येईपर्यंत माझे चारही खांब सागवानी झाले, वर पॉलिश चढलं, आणि जुने खांब अन् बाक गेले कचऱ्याच्या डब्यात. टिकली आधी स्क्रू हातात देत होती, मग नुसती बघत होती, मग उठून गेली. बाबांना पत्ताच नाही. मला मात्र दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवल्यासारखं कसंतरीच होत होतं.

"अहो, तुम्ही दुसरीत कधी नाव घातलंत?" आईने विचारलं.

"तिचाच आहे पूल. मी आपली मदत केली," बाबा म्हणाले. खरंच तसं वाटत होतं हो त्यांना!

आज सकाळी टिकली दप्तर न घेताच दारात उभी राहिली.

"बाबा, शाळेत तुम्हीच जा."

"का गं? एवढा झकास झालाय!"

"बाईंनी विचारलं तर काय सांगू? मला यातलं काहीच माहीत नाही."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून माझे जुने खांब आणि बाक काढला, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि ती मला पुन्हा जोडत असताना स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसले. दोनदा हात बाहेर आले. दोनदा आई ओरडली, "हात!"

आला, माझा नंबर आला! मोटार चढली... मध्यावर आली... आणि माझा डावा खांब मुडपला. मोटार धाडकन फरशीवर! सगळा वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला शाळेत पोचवायला आलेले आणि दारातच थांबलेले बाबा तीरासारखे पुढे आले. संपलं, म्हटलं, आता पुन्हा सागवान!

"बाबा, थांबा," टिकली म्हणाली. खाली वाकून, एक डोळा मिटून तिने मला निरखलं. "बाई, कुठे चुकलंय ते मला माहितेय. हा खांब एकपदरी राहिला. घडी दुहेरी हवी होती."

बाबा जागच्या जागी थांबलेत. मी अजून थरथरतोय. पण हात जोडून सांगतो, कुणी मला सावरायला येऊ नका. तिचं सांगून व्हायचंय.