पोरं गप्प कशी बसतात?

बारा-पंधरा पोरं एका खोलीत आणि चिडीचूप? सगळे जिला मानाने लल्ला म्हणत, त्या बतूलच्या मनात पाल चुकचुकली. सले शहरातल्या त्या गल्लीत, बालवाडीच्या भिंतीला कान लावून ती उभी होती. आत डफ वाजे, पोरं धुडगूस घालत, आणि मग एकाएकी सगळं बंद. छडीशिवाय का होतं हे?

शुक्रवारीच तिला शंका आली होती. वाफवलेल्या रवाळ कुसकुसच्या थाळ्यात सगळ्यांआधी कोपरापर्यंत बुडणारा तिचा तीन वर्षांचा नातू इद्रीस, त्या दिवशी शहाण्यासारखा थांबून राहिला.

"मारतात गं याला तिथे," ती सुनेला म्हणाली. नवाल तोंड उघडणार तोच तिने निकालही देऊन टाकला, "छडी एकदा डोळ्यांनी बघते, मग पोर घरी. तूही कारखान्यातलं शिवणकाम सोड आणि सांभाळ त्याला." नवाल थाळा उचलायला लागली. नेहमीचंच होतं ते.

आत पुन्हा सामसूम झाली तशी लल्ला दार ढकलून घुसली. "कुठंय ती छडी?"

पोरं एकेका पायावर, वेडीवाकडी, जिथल्या तिथे उभी. हसू दाबून इद्रीसचे गाल टम्म फुगलेले.

"लल्ला हलली! लल्ला बाद!" एकच गिल्ला झाला.

"डफ थांबला की थांबायचं, एवढाच खेळ आहे," डफ वाजवणाऱ्या शिक्षिका सुमय्याबाई म्हणाल्या. "बसा ना."

लल्ला बसली, पण संशय जाईना. गोड बोलून गळा कापणारे काय कमी असतात? रिंगणात आता चेंडू फिरू लागला. ज्याच्या हातात चेंडू, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लल्लाकडे चेंडू आला तो तिथेच राहिला.

तेवढ्यात नवाल धापा टाकत आली. शेजारणीने वर्दी दिली होती.

"आलीस? उचल पोराला! छडी लपवली असेल यांनी. माझं ठरलंय..."

"लल्ला, झालं तुझं. दे!" इद्रीसने चेंडू ओढून घेतला आणि आईच्या हातात कोंबला. "मम्माचा नंबर. मम्माला अजून मिळालाच नाही."

नवालने चेंडू छातीशी घट्ट धरला. "इद्रीस इथेच येणार, लल्ला. आणि मी काम सोडणार नाही."

लल्लाने तोंड उघडलं. सगळी पोरं टकामका तिच्याकडे बघत होती. तिने मुकाट्याने ओठ मिटले आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बरंच साठलं होतं ते.